डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा

राजोडी, ता. वसई, जि. ठाणे
रविवार, १९ सप्टेंबर १९७१

ॲन्सेल्म,

कोचीनहून पाठवलेला तुझा फोटो मिळाला. पांढरा गणवेश, पांढरी टोपी, पांढरे बूट. आईने तो छातीशी धरला, पदराने पुसला, पुन्हा छातीशी धरला. मग पप्पांनी फ्रेम आणून तो येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीखाली लावला. त्या खिळ्यावर माझा शाळेतला पोहण्याचा दाखला होता. तो आता कपाटात कपड्यांखाली गेला. मी काही बोललो नाही. समोरासमोर मला बोलता येत नाही हे तुला ठाऊकच आहे, म्हणून तर लिहितो.

रविवारची मिस्सा-प्रार्थना सुटल्यावर देवळाच्या आवारात सगळे मलाच विचारतात, "काय म्हणतो आपला कॅप्टन?" मी सांगतो की कॅप्टन अजून पितळेच्या कड्या घासतो, सकाळी पाचला उठून दोरखंडाच्या गाठी शिकतो आणि जेवताना दोन्ही कोपर टेबलाखाली ठेवतो. पण लोकांना ते ऐकायचं नसतं. त्यांना तोफा पाहिजेत.

तुलाही तोफाच पाहिजेत असं दिसतं. तू लिहिलंस, "दादा, इथे सगळे म्हणतात की युद्ध होणार. आमची एकच प्रार्थना आहे, आम्ही तयार व्हायच्या आत ते उरकून जाऊ नये." आईला पत्र वाचून दाखवताना मी हे वाक्य गाळलं. त्याऐवजी "इथे जेवण चांगलं आहे, मासे रोज असतात" असं माझ्या मनाचं घातलं. तिने लगेच विचारलं, "कुठले मासे?" मी म्हटलं, सुरमई. तेव्हा पुढच्या पत्रात सुरमईबद्दल चार शब्द लिही.

आता पुढचं वाचून झालं की हा कागद फाडून टाक.

आपल्याला लाल आणि हिरवं वेगळं दिसत नाही. तुलाही नाही आणि मलाही नाही. दोन्ही जुन्या पेंढ्याच्या रंगाचं. लहानपणी नाताळचा तारा चिकटवताना आई कागदांच्या मागे पेन्सिलीने 'ला' आणि 'हि' लिहून ठेवायची, ते आठवतं ना? तिच्या भावाचं, लुईस मामाचं, तसंच होतं, म्हणून तिला कळत होतं. मला मात्र ते एकोणीसशे सदुसष्टमध्ये, नौदलाच्या डॉक्टरने ठिपक्यांचं पुस्तक पुढे धरलं तेव्हा कळलं. पहिल्या पानावर बारा. ते सगळ्यांनाच दिसतं. पुढच्या पानांवर मला नुसते ठिपके दिसले. लेखी पास, पळण्यात पहिला, पोहण्यात पहिला, आणि ठिपक्यांत नापास. पाच मिनिटांत बाहेर.

गावाला मी कारण सांगितलं नाही. कारण सांगितलं असतं तर तुझ्याकडेही लोकांनी बघितलं असतं, आणि तुझं वय तेव्हा सोळा होतं. मग गावाने आपलं कारण शोधलं: पॉलचा मोठा मुलगा समुद्र बघून घाबरला आणि घरी आला. चार वर्षं मी ते ऐकतोय.

आणि ते पुस्तक? मुंबईच्या चष्मेवाल्याकडे दोन शनिवार जाऊन, त्याच्या मिनतवाऱ्या करून, पानाच्या कोपऱ्यावरचे डाग आणि ठिपक्यांच्या ठेवणीसकट मी ते पाठ केलं आणि तुला पाठ करून घेतलं. बारा, आठ, सहा, एकोणतीस, सत्तावन्न. विहिरीवर बसून आपण म्हणायचो तेव्हा आईला वाटायचं की पोरं रोझरी म्हणतायत. तुझ्या परीक्षेच्या दिवशी लाल-हिरवे दिवे दाखवणाऱ्या कंदिलाच्या यंत्राचा बल्ब गेलेला होता, म्हणून दुसरी चाचणी झालीच नाही. अशा नशिबाचा तू.

तेव्हा टोपी डोक्यावर नीट बसव. तिची अर्धी शिलाई माझी आहे.

तुझा दादा


राजोडी
रविवार, १७ ऑक्टोबर १९७१

ॲन्सेल्म,

राजेळी केळीचे घड उतरवले. यंदा सुकेळी चांगली होणार. पाऊस वेळेवर गेला, ऊन कडक आहे. धुरी देऊन पिकवलेली केळी सोलून मांडवावर टाकली आहेत, संध्याकाळी टोपलीत भरून झाकायची, सकाळी पुन्हा पसरायची. लोक रंग बघून सांगतात की झाली. मी अंगठ्याने दाबतो आणि नाकाला लावतो. माझी चुकत नाहीत. पप्पा शेजाऱ्यांना सांगतात, "कॉन्रॅडचा हात आहे केळ्याला." एक भाऊ तोफेला आणि एक केळ्याला.

तुझं पत्र मी देवळाच्या आवारात थोडं वाचून दाखवलं. तुम्ही सगळे कॅडेट जेवणाच्या वेळी नकाशावर बोटं ठेवून भांडता, कुठून हल्ला करायचा यावर, ते ऐकून लुईस मामाला हसू फुटलं. तुला ठाऊक आहे, मामा दुसऱ्या महायुद्धात मालाच्या बोटीवर कोळसा टाकायला होता आणि दोन दिवस लाकडाच्या फळीवर तरंगत वाचला. तो म्हणाला, "उतावळा नवरा नि गुडघ्याला बाशिंग! त्या पोराला लिव. टॉर्पेडो लागतो तवा आवाज नाय येत पयला. पयला पायाखालचा पत्रा गरम होतो. मंग तू कुठला नि नकाशा कुठला."

रॉबर्टकाका म्हणाले, "असं कसं, लुईस? देशासाठी कोणीतरी जायला नको?"

"जावा ना. तुमचा पोर धाडा."

रॉबर्टकाकांना मुलगा नाही, मुलगी आहे. सगळे हसले.

वसई गावातल्या होळी बाजारात गेलो होतो, तिथे उमेळ्याची जिजा वांगी घेऊन बसलेली असते. तिलाही तुझी बातमी कळलेली. मला म्हणते, "तुजा भाव लढाईला जानार म्हनं? कशाला रं? समिंदराचं पानी काय कमी झालंय, मानसं घालून भरायला?" मी म्हटलं, तो स्वतः मागून घेतोय. तर म्हणाली, "मागून घ्यायची वस्तू हाय का ती, बाबा?" आणि मला दोन वांगी जास्त घातली, जणू घरात कोणीतरी गेलंय.

खरं सांगतो, मला बरं वाटलं. गावात तुझ्यावर शंका घेणारं कोणीतरी भेटलं की मला बरं वाटतं. वाईट वाटून घेऊ नकोस. तुझ्या जागी मी असतो तर मीही युद्धच मागितलं असतं. सगळ्यांच्या आधी मागितलं असतं. म्हणूनच ते दुसऱ्याने मागितलेलं सहन होत नाही.

रॉबर्टकाकांची इझाबेल आता शाळेत शिकवायला लागली. ती रोज आपल्या वाडीवरून जाते. आधी थांबून केळ्याचं, विहिरीचं बोलायची. आता थांबते आणि विचारते, "ॲन्सेल्मचं पत्र आलं?" मी सांगतो, आलं. मग ती जाते. एवढंच.

पार्सलमध्ये सुकेळीच्या चार पुड्या आहेत, केळीच्या सुकलेल्या सोपटाने बांधलेल्या. मित्रांना दे. काळी दिसली तरी टाकू नका म्हणावं.

तुझा दादा


राजोडी
रविवार, १४ नोव्हेंबर १९७१

ॲन्सेल्म,

तुझं पत्र तीनदा वाचलं. तुम्ही सव्वीस जणांनी सह्या करून अर्ज दिला की आम्हाला शिकाऊ जहाजावरून लढाऊ जहाजावर घ्या. पहिली सही तुझी. "आमच्यात कोणी मागे राहणार नाही" असं लिहिलंस. आणि खाली, फुशारकीने, की आता संध्याकाळच्या पहाऱ्यावर तुला वर उभं करतात आणि समोरून येणाऱ्या जहाजाचे दिवे बघून सांगायचं काम तुझं.

त्या दिव्यांचं तूच मला मागे समजावलं होतंस. जहाजाच्या डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा. कुठला दिसतो त्यावरून कळतं की ते कुठल्या बाजूने जातंय, आणि आपण कुठे वळायचं.

मग तू काय सांगतोस, ॲन्सेल्म? मला लिही. बारा, आठ, सहा?

माझी कल्पना अशी होती की तू नौदलात जाशील, दोन-चार वर्षं परेड करशील, बंदरात राहशील, फोटो पाठवशील. मी तुला आत ढकललं तेव्हा युद्धाचा विचार माझ्या मनात नव्हता. माझ्या मनात फक्त तो डॉक्टर होता ज्याने मला पाच मिनिटांत बाहेर काढलं. मला त्याला हरवायचं होतं. तुझ्या डोळ्यांनी मी त्याला हरवलं.

पण आता तुझ्या एका शब्दावर दोनशे माणसं चालणार. त्या दोनशे माणसांना हे माहीत नाही. मला माहीत आहे.

काळजी वाटते असं लिहायला मी बसलो होतो. वाटते. पण तेवढंच लिहिलं तर खोटं होईल. तुझी पहिली सही वाचली तेव्हा काळजीच्या आधी पोटात जे दुखलं ते काळजीचं नव्हतं. मला वाटलं, ही सही माझी होती. माझ्या जागेवर बसून, माझं पुस्तक पाठ करून, हा माझं युद्ध मागतोय. जळलो मी. आता लिहूनच टाकलं.

तेव्हा ऐक. तू स्वतः तुझ्या साहेबाकडे जा आणि सांग. किंवा तब्येतीचं काहीतरी कारण काढ आणि जमिनीवरचं काम माग. अर्जावरची सही काढून घे. तू नाही केलंस तर मला एक पत्र लिहावं लागेल, आणि माझं इंग्रजी तेवढं आहे.

मी वाट बघतो.

तुझा दादा


राजोडी
मंगळवार, २३ नोव्हेंबर १९७१

ॲन्सेल्म,

तुझं उत्तर नाही. बोट समुद्रावर असेल.

इकडे सगळं छान. पप्पांचा खोकला बरा आहे. गायीला वासरू झालं. सुकेळीचा शेवटचा मांडव काढला.

रविवारी आल्बिना मावशी, म्हणजे इझाबेलची आई, आपल्याकडे येऊन बसल्या. आईला म्हणाल्या, लढाईबिढाई आटोपली की तुमच्या ॲन्सेल्मचं आणि आमच्या इझाबेलचं बघू या का. आई लाजली, जणू मागणी तिलाच घातली. मी बाहेर पेंढा रचत होतो, खिडकीतून ऐकू आलं. आई म्हणाली, "पण कॉन्रॅड मोठा आहे, आधी त्याचं..." तर मावशी म्हणाल्या, "त्याचंही होईल हो, चांगला कष्टाळू आहे."

चांगलं आहे. मला आनंद झाला.

आज सायकलने होळी बाजारात जाऊन आलो. पोस्टात एक काम होतं, पंपाच्या कंपनीला पत्र टाकायचं होतं. आपल्या पोस्टमास्तरला प्रत्येक पाकिटावरचा पत्ता मोठ्याने वाचायची सवय आहे, म्हणून तिकडे टाकलं. उन्हात जाऊन-येऊन अठरा-वीस मैल सायकल मारली. पाय दुखतायत, पण आज भूक चांगली लागली.

पार्सल मिळालं का?

तुझा दादा


राजोडी
सोमवार, ६ डिसेंबर १९७१

ॲन्सेल्म,

मागितलंत, मिळालं.

शुक्रवारी संध्याकाळी रेडिओवर सांगितलं. शनिवारी पोलीसपाटील घरोघर फिरून गेला की दिवे बाहेर दिसता कामा नयेत. आम्ही खिडक्यांना सिमेंटच्या पिशव्यांचे कागद चिकटवले. फादरनी सांगितलंय की नाताळची मिस्सा संध्याकाळीच होईल आणि तारे कोणी पेटवायचे नाहीत. तुझ्या नावाचा तारा मी आधीच टांगला होता. तो अंधारात लटकतोय. यंदा कागदांच्या मागे आईने काही लिहून दिलं नव्हतं. मी मनाने चिकटवलं. कसा झालाय कोण जाणे.

तुझं एक अक्षर नाही. आठ नोव्हेंबरनंतर एक अक्षर नाही.

आणि हे गाव बघ. महिन्यापूर्वी जे हसत होते ते आता छाती काढून चालतात. रॉबर्टकाका देवळाबाहेर दोन विमानं मोजतात आणि सांगतात की आपलीच आहेत. काल एकाने मला खांद्यावर थोपटून म्हटलं, "तुझ्या भावाने राजोडीचं नाव केलं." तू काय केलंस हे त्याला ठाऊक नाही, मलाही ठाऊक नाही. फक्त लुईस मामा बदलला नाही. तो किनाऱ्यावर होड्यांजवळ बसतो आणि पाण्याकडे बघतो. मी जवळ गेलो तर म्हणाला, "आपला पोर कुठल्या बोटीवर हाय रे?" मी म्हटलं, माहीत नाही, मामा. तो म्हणाला, "माजी बोट बुडाली तवा माज्या आयला तीन म्हयनं म्हायती नव्हती. ती रोज ताट वाडायची."

आई तसं काही करत नाही. ती फोटोसमोर उभी राहते. तुझा चेहरा बघत नाही, बूट बघते.

मी एक गोष्ट लिहायला बसलो होतो. तीन वेळा सुरू केली. आधी तुझं पत्र येऊ दे. तू जिथे कुठे आहेस तिथे वर उभा राहू नकोस, ॲन्सेल्म. कोणाला तरी विचार, "हा दिवा कुठला?" विचारण्यात लाज नाही. हे मी तुला पाठ करून घ्यायला हवं होतं.

तुझा दादा


राजोडी
सोमवार, २० डिसेंबर १९७१

ॲन्सेल्म,

कार्ड मिळालं! आईने पोस्टमनला घरात बसवून सुकेळी खायला घातली. "सुखरूप आहे. कोचीनलाच जमिनीवर आहे. भांडारात काम दिलंय. डोळ्यांची पुन्हा तपासणी झाली." चार ओळी. पण चार ओळींनी घरात पुन्हा जेवण शिजायला लागलं.

युद्ध संपलं, आपण जिंकलो, काल तारे पेटवले. तुझ्या ताऱ्याचं एक टोक म्हणे भलत्याच रंगाचं झालंय, लहान मुलं येऊन बघून जातात.

तर तुला बोटीवरून उतरवलं. डोळ्यांचं त्यांना कसं कळलं असेल बरं? मी खूप विचार केला. कोणीतरी कळवलं असेल. तुझ्या तुकडीतला एखादा असेल, तुझ्यावर जळणारा. अशी माणसं सगळीकडे असतात. पण झालं ते बऱ्यासाठीच झालं असं समज. भांडार म्हणजे काही वाईट नाही. कपडे, ब्लँकेटं, डबे. कोणीतरी ते बघायलाच पाहिजे.

तू जिवंत आहेस याचा मला जितका आनंद झालाय तितका कधी झाला नव्हता. हे खरं आहे, यात खोट नाही.

इझाबेलने विचारलं. मी सांगितलं, भांडारात आहे. ती म्हणाली, "अच्छा." मग केळ्याचं विचारलं.

सुट्टी मिळते का बघ.

तुझा दादा


राजोडी
रविवार, ९ जानेवारी १९७२

ॲन्सेल्म,

तुझं पाकीट काल आलं. आत माझंच पत्र.

निळ्या शाईतलं, इंग्रजीतलं, खाली 'एक हितचिंतक'. अक्षर बदलायचा मी बराच प्रयत्न केला होता. पण तुला मुळाक्षरं मीच गिरवायला शिकवली, तू ओळखणार नाहीस तर कोण ओळखणार? कडेला कोणा साहेबाने लाल पेन्सिलीने तारीख टाकली आहे, २९ नोव्हेंबर. कोणीतरी लाल म्हणालं असं तू लिहिलंस, म्हणून लाल म्हणतो. आणि त्याच्यासोबत तुझी चिठ्ठी. ती मी विहिरीवर बसून वाचली, जिथे आपण पुस्तक पाठ करायचो.

अठरा नोव्हेंबरला संध्याकाळच्या पहाऱ्यावर तू समोरच्या बोटीचा दिवा बघून "हिरवा" म्हणालास आणि तो लाल होता. तुझ्या शेजारच्या जुन्या खलाशाने तुला न विचारता ओरडून सुकाणू फिरवायला लावलं, म्हणून वाचलात. त्याने कोणाला सांगितलं नाही. तू दोन दिवस झोपला नाहीस. वीस तारखेला तू स्वतः साहेबाच्या दारावर टकटक केलीस आणि सांगितलंस, "सर, मला दिवे ओळखता येत नाहीत. मी पुस्तक पाठ करून आलो होतो."

वीस तारखेला. मी सायकल मारत होळीच्या पोस्टात गेलो ती तेवीस. माझं वरातीमागून घोडं. माझं चौदा तारखेचं पत्रसुद्धा तुला अठ्ठावीसला मिळालं. म्हणजे माझ्या धमकीनेही तू गेला नाहीस. तुझा तूच गेलास.

पुढे तू एकच ओळ लिहिली आहेस. "दादा, मला सांगायला सांगितलंस, मग नऊ दिवसांच्या पुढे थांबवलं नाही?"

थांबवलं नाही. आता खरं ऐक. त्या पत्रात मी दोनशे माणसांच्या जिवाचं लिहिलं होतं. पण ती दोनशे माणसं चौदा तारखेलाही बोटीवर होती, आणि तेव्हा मी वाट बघायला तयार होतो. रविवारी एकवीसला आल्बिना मावशी आल्या, आणि मंगळवारी मी पोस्टात होतो. एवढाच हिशेब आहे. घरी येऊन मी दोन वेळचं जेवलो. आणि वीस डिसेंबरला तुला लिहिलं की कोणीतरी जळणारा असेल.

तुझी चिठ्ठी मी पुन्हा वाचली, आणि मला जे लागलं ते सगळ्यात शेवटी आहे. साहेबाने तुला विचारलं, "पानं पाठ करून कोणी घेतली?" तू म्हणालास, "मी एकट्याने, सर. चष्मेवाल्याकडून." मग महिन्याने त्याने माझं पत्र पुढे ठेवून विचारलं, "हे कोणाचं अक्षर?" तू म्हणालास, "माहीत नाही, सर." त्याने तो कागद तुलाच देऊन टाकला.

मी माझं पत्र काढून बघितलं. त्यात मी लिहिलंय, "या कॅडेटने कोणाच्या तरी मदतीने परीक्षकांना फसवलं आहे." कोणाच्या तरी.

साहेबाच्या टेबलावर दोघांचं म्हणणं होतं. माझं नाव तू घेतलं नाहीस आणि मीही घेतलं नाही. तू घेतलं नाहीस ते मला वाचवायला. मीही मलाच वाचवलं.

तू लिहितोस की सव्वीस सह्यांतला एक मुलगा परत आला नाही, आणि तुझ्या ट्रंकेत त्याची एक सुकेळीची पुडी उरली आहे, जी त्याने "लढाई जिंकून खाईन" म्हणून ठेवली होती. मी ते लुईस मामाला सांगितलं. तो टोपी काढून बसला.

आज मिस्सा सुटल्यावर आवारात रॉबर्टकाका चार जणांत म्हणाले, "गोदामात बसला म्हणे पॉलचा धाकटा. ऐन वेळी पाणी बघून घाबरला असणार, मोठ्यासारखा." चार वर्षं हे वाक्य मी गिळलं होतं, ॲन्सेल्म. तुझ्यावर आलेलं नाही गिळवलं. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "तो घाबरला नाही. त्याला लाल-हिरवं दिसत नाही. मलाही दिसत नाही. परीक्षेत फसवायला मी त्याला शिकवलं. आणि तो स्वतः साहेबाकडे जाऊन सांगून आला."

मामा एकटा म्हणाला, "मलाबी नाय दिसत." इझाबेल पायरीवर उभी होती. तिने ऐकलं. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते माझ्यासाठी नव्हतं. ते तुझ्यासाठी होतं, आणि ते तुला मिळायलाच पाहिजे. तिला पत्र लिही.

होळीच्या पोस्टातली गोष्ट मात्र मी आवारात सांगितली नाही. तेवढं धैर्य अजून झालं नाही. आईला आज जेवल्यावर सांगणार आहे. हे पाकीट तिच्यासमोरच बंद करीन.

तुझ्या टोपीचा हेवा मला वाटत होता तेव्हा मी म्हणायचो की ही माझी होती, याला फुकट मिळाली. साहेबाच्या दारावर केलेली ती टकटक मात्र मी तुला शिकवली नव्हती. ती पुस्तकात नव्हती. तिचा हेवा वाटतो, आणि या हेव्यावर मला काही औषध सापडत नाही.

सोबत तुझ्या साहेबाला एक पत्र आहे. त्याचं पाकीट उघडंच ठेवलंय. पुस्तक कुठून मिळवलं, कोणी पाठ करून घेतलं, निनावी पत्र कोणी टाकलं, सगळं आहे. या वेळी खाली नाव आणि पत्ता आहे. तुला वाटलं तर दे, नाही वाटलं तर फाड. मी या वेळी वाट बघेन, कितीही दिवस.

कॉन्रॅड पॉल रुमाव